किर्गिझ पासपोर्ट: नऊ वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

माझे यजमान किर्गिझस्तानचे नागरिक आहेत. लग्नानंतरची नऊ वर्षे आम्ही राजधानी बिश्केकमध्ये काढली. या काळात त्यांच्या, सासूबाईंच्या, धाकट्या दिरांच्या आणि नणंदेच्या पासपोर्टांवर जेवढे प्रवास झाले, किंवा होता होता राहिले, त्या बहुतेकांचे अर्ज भरण्याचे आणि कागद जमवण्याचे काम माझ्याकडे आले. वैद्यकीय शिक्षणासाठी मराठी मुलेमुली मोठ्या संख्येने इथे येऊ लागल्यापासून त्यांच्या किर्गिझ मित्रमैत्रिणींसाठी, आणि क्वचित सुनेसाठी किंवा जावयासाठीही, कोणत्या देशात व्हिसा लागतो आणि कोणत्या देशात लागत नाही, अशी विचारणा मला वरचेवर होते. प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा, ज्या वस्तूवर आमच्या घराचे निम्मे नियोजन अवलंबून असते त्या वस्तूचेच सविस्तर परीक्षण लिहावे, असे ठरवले.

पासपोर्टांची क्रमवारी लावणाऱ्या आंतरराष्ट्रीय याद्यांत किर्गिझ पासपोर्टासमोर साठीच्या आसपासचा आकडा दिसतो. इतक्या ठिकाणी आधी व्हिसा न काढता, किंवा तिथे पोहोचल्यावर तो घेऊन, प्रवेश मिळतो असा त्याचा अर्थ. हा आकडा खोटा नाही, पण त्यावर विसंबून कोणी काही ठरवू नये. त्यात सेशेल्स, सामोआ, मायक्रोनेशिया अशी जवळजवळ सर्व जगाला खुली असलेली बेटे मोजलेली असतात. मायक्रोनेशियाकडे जाणारी नेहमीची विमाने ग्वाम किंवा होनोलुलूमार्गे जातात आणि अमेरिकेच्या भूमीवर नुसते विमान बदलायचे झाले तरी किर्गिझ नागरिकाला अमेरिकेचा व्हिसा काढावा लागतो, त्यामुळे यादीत ‘व्हिसामुक्त’ दिसणारे हे बेट व्यवहारात सर्वांत कडक व्हिसाच्या पलीकडे उभे असते. युक्रेनचे नावही अशा याद्यांत आढळते, परंतु फेब्रुवारी २०२२ पासून त्या देशाचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. अझरबैजानमध्ये ९० दिवस व्हिसा लागत नाही, पण त्या देशाने मार्च २०२० मध्ये जमिनीवरील सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि पुढची अनेक वर्षे उघडल्या नाहीत, म्हणून जॉर्जियातून रस्त्याने बाकूला जाण्याचा आमचा बेत आम्हाला सोडून द्यावा लागला. मी तरी यादीतील आकडा पाहणे केव्हाच थांबवले आहे आणि प्रत्येक देशाबाबत तीनच गोष्टी पाहते: आत जाता येते का, किती दिवस राहता येते, आणि तिथे काम करता येते का.

यांपैकी तिसरा प्रश्न सहलीला निघणाऱ्या माणसाच्या मनात सहसा येत नाही. परंतु किर्गिझस्तानची लोकसंख्या सत्तर लाखांच्या घरात असून तिथले काही लाख लोक परदेशात, मुख्यतः रशियात, काम करून घरी पैसे पाठवतात. या देशाचा पासपोर्ट बहुतेक वेळा कामावर निघालेल्या माणसाच्या खिशात असतो. त्याचे मोल त्या माणसाच्या गरजेवरून करायला हवे, आणि तसे केले तर निकाल यादीतल्या क्रमांकापेक्षा पुष्कळच निराळा लागतो.

आधी वस्तूविषयी थोडेसे. देशाबाहेर जाण्यासाठीच्या पासपोर्टाला इथे बोलताना ‘झाग्रान’ म्हणतात आणि देशांतर्गत ओळखीसाठी वेगळे ओळखपत्र असते, ज्याला सगळे ‘आयडी कार्ड’ म्हणतात. दोन्ही ‘त्सोन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नागरी सेवा केंद्रांत काढायची असतात. अर्ज, छायाचित्र आणि बोटांचे ठसे एकाच खिडकीवर घेतले जातात आणि जितक्या लवकर पासपोर्ट हवा तितके शुल्क वाढत जाते. सेवेबाबत माझे मत चांगले आहे. गेल्या नऊ वर्षांत घरातील एकाही माणसाला त्यासाठी ओळख काढावी लागली नाही. चिप असलेले बायोमेट्रिक पासपोर्ट २०२१ पासून मिळू लागले. त्याआधीच्या जुन्या मालिकेचा पासपोर्ट कोणाकडे शिल्लक असेल आणि त्याची मुदत संपायला अवकाश असेल, तरीही तो बदलून घ्यावा असा माझा सल्ला आहे, कारण सीमेवर चिप वाचणारी यंत्रे वाढत चालली आहेत आणि व्हिसा अधिकारीही नव्या पासपोर्टाकडे अधिक विश्वासाने पाहतात, असा आमचा अनुभव आहे.

आता या पासपोर्टाच्या सर्वांत मोठ्या गुणाकडे वळते. किर्गिझस्तान ऑगस्ट २०१५ मध्ये युरेशियन आर्थिक संघात सामील झाला. रशिया, कझाकस्तान, बेलारूस आणि आर्मेनिया हे त्या संघाचे अन्य सदस्य आहेत. या चारही देशांत किर्गिझ नागरिकाला व्हिसा लागत नाही, हे तर झालेच, पण खरी सवलत त्याच्या पुढची आहे. त्याला तिथे काम करण्यासाठी परवाना काढावा लागत नाही. उझबेकिस्तान किंवा ताजिकिस्तानचा कामगार रशियात व्हिसाविना शिरतो खरा, पण नोकरीसाठी त्याला ‘पेटंट’ नावाचा परवाना काढून दरमहा त्याचे पैसे भरावे लागतात आणि भाषा व कायद्याची परीक्षा द्यावी लागते. किर्गिझ कामगार यातले काहीही न करता थेट नोकरीचा करार करू शकतो. प्रवेशानंतर ३० दिवसांपर्यंत त्याला आणि त्याच्या कुटुंबीयांना मुक्कामाच्या नोंदणीची सक्ती नाही. मुक्कामाची मुदत नोकरीच्या कराराशी जोडलेली असते, आणि प्रवेशानंतरचे ९० दिवस उलटल्यावर करार मुदतीआधी तुटला, तर दुसरा करार करण्यासाठी १५ दिवस मिळतात. परदेशी माणसाला सुरुवातीला लागणाऱ्या ३० टक्के आयकराऐवजी पहिल्या दिवसापासून स्थानिकांच्या दराने कर कापला जातो. पदव्याही वेगळी मान्यता न घेता चालतात. अपवाद शिक्षक, वकील, डॉक्टर आणि औषधनिर्माते यांचा. माझे दीर येकातेरिनबुर्गला वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतात. त्यांच्यासोबत त्याच खोलीत राहणाऱ्या ताजिक सहकाऱ्याचा महिन्याचा परवान्याचा खर्च आणि त्यामागची धावपळ पाहिल्यावर या पासपोर्टाची किंमत मला जितकी कळली, तितकी ती कोणत्याही यादीवरून कळली नसती.

मात्र ही सवलत पूर्वीइतकी निर्धास्त राहिलेली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहावर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर रशियात मध्य आशियाई लोकांची तपासणी फार कडक झाली, आणि त्या काळात खुद्द किर्गिझ परराष्ट्र मंत्रालयाने आपल्या नागरिकांना आवश्यकता नसल्यास रशियाचा प्रवास टाळण्याची सूचना केली होती. १ जानेवारी २०२५ पासून व्हिसाविना येणाऱ्या परदेशी व्यक्तीला एका कॅलेंडर वर्षात ९० दिवसच राहता येते. नोकरीचा करार असलेला किर्गिझ कामगार या मर्यादेबाहेर असला, तरी ‘आधी जाऊन पाहू, मग काम शोधू’ असे म्हणत महिनोन्‌महिने नातेवाइकांकडे राहण्याची जुनी रीत आता धोक्याची आहे. फेब्रुवारी २०२५ पासून तिथल्या गृह मंत्रालयाने ‘नियंत्रित व्यक्तीं’ची नोंदवही सुरू केली असून तिच्यात नाव गेले की बँक खाते, वाहन परवाना, घर बदलणे अशा साध्या गोष्टीही अडतात. आपले नाव त्या नोंदवहीत किंवा प्रवेशबंदीच्या यादीत आहे का, हे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तिकीट काढण्यापूर्वी पाच मिनिटे खर्चून ते पाहावे. आमच्या शेजारच्या एका तरुणाने ते पाहिले नव्हते. मॉस्कोच्या विमानतळावर एक रात्र बाकावर काढून तो दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत आला, आणि दोन्ही तिकिटांचे पैसे गेले. कुटुंबीयांच्या आरोग्य विम्याचा प्रश्न तर इतका चिघळला की २०२५ च्या आरंभी किर्गिझस्तानने मिन्स्क येथील संघाच्या न्यायालयात रशियाविरुद्ध दावा दाखल केला. आपल्या नागरिकांच्या बाजूने एवढे ठाम उभे राहणाऱ्या छोट्या देशाचे मला कौतुक वाटते.

शेजारच्या देशांविषयी सांगायचे तर कझाकस्तान म्हणजे जवळजवळ अंगणच. बिश्केकहून अल्माटी सुमारे २४० किलोमीटरवर आहे, कोरदाय येथील चौकी ओलांडली की सरळ रस्ता आहे आणि आयडी कार्डावर हा प्रवास होतो. शनिवार-रविवारी किंवा नौरोजच्या सुट्टीत मात्र त्या चौकीवर तासन्‌तास रांगा लागतात, म्हणून आम्ही नेहमी पहाटे निघतो. ताजिकिस्तानची गोष्ट वेगळी. एप्रिल २०२१ आणि सप्टेंबर २०२२ च्या सशस्त्र चकमकींमुळे ती सीमा बंद पडली होती. १३ मार्च २०२५ रोजी बिश्केकमध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी सीमाकरारावर स्वाक्षऱ्या केल्या, त्यानंतर चौक्या उघडल्या आणि विमानेही पुन्हा सुरू झाली. ज्या बात्केन भागात लोकांची घरे जळली, तिथली माणसे पुन्हा बाजारासाठी पलीकडे जाऊ लागली, हे ऐकून इथे किती जणांना हायसे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. तुर्कमेनिस्तानला मात्र निमंत्रणपत्राशिवाय जाता येत नाही. तिकडे आम्ही कधी वळलो नाही.

तुर्कस्तानात १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाविना राहता येते आणि बिश्केकहून इस्तंबूलला थेट विमाने आहेत. या सवलतीचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. युरोपकडे किंवा आफ्रिकेकडे जाणारे पुष्कळ मार्ग इस्तंबूलवरून जातात, आणि व्हिसाची अट नसल्यामुळे किर्गिझ प्रवासी दोन विमानांमधला वेळ विमानतळावर न काढता शहरात जाऊ शकतो, दोन दिवस थांबूही शकतो. जॉर्जियात तर पूर्ण एक वर्ष राहता येते. २०२६ पासून तिथे प्रवास विमा सक्तीचा झाला आहे, तेवढा जवळ ठेवावा. मंगोलिया आणि मोल्दोवा हेही व्हिसामुक्त आहेत.

आग्नेय आशियाबाबत या पासपोर्टाने आम्हाला सुखद धक्का दिला. व्हिएतनामने किर्गिझस्तानला द्विपक्षीय करारानुसार ३० दिवसांची व्हिसामुक्ती दिलेली आहे, आणि ती ज्या थोड्या देशांना मिळाली आहे त्यांत आग्नेय आशियातील शेजारी वगळता किर्गिझस्तानसारखी नावे क्वचितच सापडतात. नणंदेने हनोईला जाण्याचे ठरवले तेव्हा मी सवयीने ई-व्हिसाचा अर्ज उघडून बसले होते; तो लागतच नाही हे कळायला अर्धा तास गेला. तीस दिवसांहून अधिक राहायचे असल्यास मात्र ९० दिवसांचा ई-व्हिसा काढावा. मलेशियातही ३० दिवस व्हिसा लागत नाही, फक्त पोहोचण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत संगणकीय आगमनपत्र भरावे लागते. ते भरलेले नसल्यामुळे क्वालालंपूरच्या विमानतळावर भ्रमणध्वनीवर घाईघाईने माहिती टंकत उभे असलेले प्रवासी आम्ही पाहिले आहेत. मालदीवमध्ये सर्वांनाच पोहोचल्यावर ३० दिवसांचा विनामूल्य प्रवेश मिळतो. नेपाळमध्ये विमानतळावर व्हिसा मिळतो, १५ दिवसांना ३० डॉलर आणि ३० दिवसांना ५० डॉलर.

सासूबाईंच्या दृष्टीने या सगळ्यांपेक्षा मोठी बातमी ऑगस्ट २०२३ मध्ये आली. सौदी अरेबियाने पर्यटक ई-व्हिसाची सोय आणखी आठ देशांना दिली आणि त्यांत किर्गिझस्तान होता. हा व्हिसा एक वर्षाचा, अनेक प्रवेशांचा असतो, त्यावर एकूण ९० दिवस राहता येते आणि उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, हीही करता येते. त्यापूर्वी ठरावीक संस्थेच्या गटातूनच जावे लागे. सासूबाई आणि त्यांची मैत्रीण, दोघी साठीपुढच्या, स्वतःच्या सवडीने आणि स्वतः निवडलेल्या निवासात राहून उमरा करून आल्या. हजसाठी मात्र हा व्हिसा चालत नाही, त्यासाठी देशाला ठरवून दिलेल्या संख्येतून स्वतंत्र हज व्हिसाच घ्यावा लागतो. या बाबतीत फसवणारे मध्यस्थ दरवर्षी निघतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

भारतासाठी किर्गिझ नागरिकाला ई-व्हिसा मिळतो. पर्यटनाचा ३० दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा, आणि उपचारांसाठी वेगळा. दिल्लीच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठी जाणारी किर्गिझ कुटुंबे मी बरीच पाहिली आहेत. त्यांनी पर्यटन व्हिसावर न जाता वैद्यकीय ई-व्हिसाच घ्यावा, कारण उपचार लांबले तर पर्यटन व्हिसा अडचणीत आणतो. ई-व्हिसावर ठरवून दिलेल्या विमानतळांवरून आणि अन्य ठरावीक प्रवेशठिकाणांवरूनच प्रवेश मिळतो, हेही ध्यानात असावे. भारतीय नागरिकाशी झालेल्या विवाहाची नोंदणी होऊन विवाह सलग दोन वर्षे टिकलेला असेल, तर किर्गिझ जोडीदाराला ओसीआय, म्हणजे ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’, कार्डासाठी अर्ज करता येतो. यजमानांनी ते काढल्यापासून आमची प्रत्येक वेळची धावपळ संपली. कागदपत्रे पुष्कळ लागली, पण मागितलेला प्रत्येक कागद समजण्यासारखा होता.

चीनविषयी मात्र इथल्या लोकांच्या मनात खंत आहे. तोरुगार्त आणि इर्केश्ताम या घाटांवरून मालाचे ट्रक अखंड ये-जा करतात, बिश्केकच्या दोर्दोय बाजाराचा संसारच चिनी मालावर उभा आहे, चीन-किर्गिझस्तान-उझबेकिस्तान रेल्वेमार्गाच्या कामाचा आरंभही डिसेंबर २०२४ मध्ये झाला. असे असूनही साध्या किर्गिझ पासपोर्टावर चीनला जायचे तर व्हिसा काढावा लागतो. कझाकस्तानच्या नागरिकांना नोव्हेंबर २०२३ पासून आणि उझबेकिस्तानच्या नागरिकांना जून २०२५ पासून चीनमध्ये व्हिसामुक्त प्रवेश आहे. कापडाचा व्यापार करणाऱ्या इथल्या बायकांना या फरकाची किंमत प्रत्येक खेपेला मोजावी लागते.

आता युरोप. या पासपोर्टाची दुर्बळ बाजू इथे पुरती उघडी पडते. किर्गिझस्तानने २०१२ मध्ये चाळीसहून अधिक देशांच्या नागरिकांना, त्यांत युरोपातील बहुतेक सर्व देश आले, एकतर्फी ६० दिवसांची व्हिसामुक्ती दिली. पर्यटनाच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचा होता आणि इसिक-कुल सरोवराकाठच्या अनेक घरांना त्यामुळे उत्पन्न मिळाले. पण त्याची परतफेड झाली नाही. जर्मन प्रवासी बिश्केकच्या मानस विमानतळावर शिक्का मारून दोन मिनिटांत बाहेर पडतो, आणि त्याला सरोवर दाखवणाऱ्या वाटाड्याला बर्लिन पाहायचे असेल तर बँकेचे विवरण, नोकरीचा दाखला, निवासाची नोंद, ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा विमा, बोटांचे ठसे आणि ९० युरोंचे शुल्क एवढे सगळे द्यावे लागते. शुल्क जून २०२४ पर्यंत ८० युरो होते. आजच्या दराने ते नऊ हजार किर्गिझ सोमच्या आसपास जाते आणि व्हिसा नाकारला गेला तरी परत मिळत नाही. बिश्केकमध्ये मोजक्याच शेंगेन देशांचे, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचे, दूतावास व्हिसाचे काम करतात, त्यामुळे काही देशांसाठी अल्माटी, अस्ताना किंवा ताश्कंदची वारी करावी लागते आणि तो खर्च वेगळाच.

यजमानांचा पहिला शेंगेन अर्ज नाकारला गेला. कोणत्या दूतावासात ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या ठिकाणी वेगळे झाले असते असे मला वाटत नाही. मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका आहे, असे छापील कारण दिले होते. आमची चूक आम्हाला नंतर कळली. खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी एकदम मोठी रक्कम भरलेली होती, आणि यजमानांच्या नावावरची सदनिका, माझी इथली नोकरी, मुलाची शाळा यांपैकी एकाही गोष्टीचा कागद आम्ही जोडला नव्हता. दुसऱ्या वेळी सहा महिन्यांचे नियमित व्यवहार, सदनिकेच्या कागदाचे भाषांतर आणि मुलाच्या शाळेचे पत्र जोडले, प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज दिला आणि अकराव्या दिवशी व्हिसा मिळाला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. उन्हाळ्यातील प्रवासासाठी फेब्रुवारीतच मुलाखतीची वेळ घेऊन ठेवावी. पहिल्या दोन-तीन व्हिसांचा वापर नेमका दाखवल्याप्रमाणे करावा, कारण दोन वर्षांत तीन व्हिसा नियमानुसार वापरलेल्या व्यक्तीला एक वर्षाचा आणि पुढे दोन व पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा देण्याची तरतूद आहे. एकदा असा व्हिसा हाती आला की पासपोर्टाची ताकदच पालटते. शेंगेनचे २९ देश तर खुले होतातच, शिवाय सर्बिया, अल्बानिया, माँटेनेग्रो, उत्तर मॅसिडोनिया, बॉस्निया हेही अशा व्हिसाधारकाला वेगळा व्हिसा मागत नाहीत.

विमानांचाही प्रश्न आहे. किर्गिझस्तानात नोंदलेल्या सर्व विमान कंपन्या २००६ पासून युरोपीय संघाच्या हवाई सुरक्षा यादीत आहेत आणि त्यांना संघाच्या देशांत उतरण्यास मनाई आहे. म्हणून युरोपला जाताना वाटेत इस्तंबूल किंवा अन्य शहर आलेच. तिकिटांच्या हिशेबात हा टप्पा धरूनच चालावे.

ब्रिटनमध्ये पर्यटनासाठी व्हिसा मिळवणे शेंगेनइतकेच कठीण, पण कामासाठी एक वाट गेल्या काही वर्षांत चांगली रुळली आहे. शेतांवरील हंगामी कामाचा व्हिसा कमाल सहा महिन्यांचा असतो, कुटुंबाला सोबत नेता येत नाही, आणि २०२२ पासून त्यावर जाणाऱ्यांत किर्गिझ तरुणांचे प्रमाण मोठे आहे. दक्षिण कोरियाच्या सरकारी रोजगार योजनेतही किर्गिझस्तान आहे, तिथे भाषेची परीक्षा द्यावी लागते. दोन्हींसाठी श्रम मंत्रालयाच्या अखत्यारीतील परदेशी रोजगार केंद्रामार्फतच जावे, असे मी कळकळीने सांगेन. जागा ‘राखून’ देण्याच्या नावाखाली पैसे घेणाऱ्या एका मध्यस्थाला आमच्या ओळखीच्या कुटुंबाने गाय विकून पैसे दिले होते. जागाही मिळाली नाही आणि पैसेही आले नाहीत.

अमेरिकेविषयी थोडक्यात. जानेवारी २०२० च्या अध्यक्षीय आदेशाने किर्गिझ नागरिकांना स्थलांतर व्हिसा देणे थांबवले गेले आणि ते जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतले गेले. ओळखपत्रांची व्यवस्था आणि माहितीची देवाणघेवाण समाधानकारक नाही, असे कारण तेव्हा दिले होते. बायोमेट्रिक पासपोर्ट का महत्त्वाचा, ते यावरून कळावे. अमेरिकेचे नियम वारंवार बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर जे असेल तेच प्रमाण मानावे.

एका बारीक वाटणाऱ्या गोष्टीसाठी थोडी जागा घेते, कारण तिने आम्हाला सर्वांत जास्त त्रास दिला. किर्गिझ लोकांत रशियन धाटणीची ‘ओव्ह’ किंवा ‘एवा’ने संपणारी आडनावे सोडून वडिलांच्या नावाला ‘उऊलू’, म्हणजे मुलगा, किंवा ‘क्यझी’, म्हणजे मुलगी, जोडण्याची पद्धत पुन्हा रुजते आहे. ही आपली परंपरा परत घेण्याची गोष्ट मला फार आवडते. परंतु व्हिसा अर्जात आणि विमान तिकिटात ‘आडनाव’ या रकान्यात नेमके काय लिहायचे, याचा गोंधळ होतो. नणंदेच्या तिकिटावर ‘क्यझी’ हा शब्द गळला होता आणि पासपोर्टावर तो आडनावाचाच भाग होता, त्यामुळे विमानतळावर तिला दुरुस्तीचे शुल्क भरावे लागले. पासपोर्टाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत जे आडनाव म्हणून छापले असेल तेच जसेच्या तसे सर्वत्र लिहावे. घरातल्या दोन भावंडांची आडनावे वेगळ्या पद्धतीची असतील तर नाते सिद्ध करणारे जन्मदाखलेही भाषांतरासह जवळ ठेवावेत.

पाचपैकी किती गुण, असे कोणी विचारले तर कामासाठी निघालेल्या माणसाला मी या पासपोर्टाचे साडेतीन गुण देईन, आशियात हिंडू इच्छिणाऱ्या पर्यटकाला तीन, आणि युरोपवर मन असलेल्याला दीड. शेजारासाठी मात्र पाच, आणि तिथे तर पासपोर्ट काढावाही लागत नाही. सासूबाईंचे माहेर ओशचे आणि त्यांची थोरली बहीण सोव्हिएत काळात लग्न होऊन अंदिजानला गेलेली. बाबराचे जन्मगाव म्हणून आपण ज्याचे नाव ऐकतो ते हे शहर ओशपासून पन्नासेक किलोमीटरवर, पण ते उझबेकिस्तानात गेले आणि देश वेगळा झाला. कित्येक वर्षे त्या सीमेवरील दोस्तुक चौकीतून पलीकडे जायचे तर लग्नाची किंवा मयताची तार दाखवावी लागे, आणि सासूबाई सांगतात की त्या काळात बहिणीला नुसते भेटायला जाणे म्हणजे खोटे बोलणे होते. सप्टेंबर २०१७ मध्ये ती चौकी उघडली, आता ६० दिवस व्हिसाविना राहता येते आणि २०२३ पासून आयडी कार्डावरच सीमा ओलांडता येते. गेल्या वसंतात आम्ही तिघे गेलो तेव्हा सासूबाईंचा आणि यजमानांचा पासपोर्ट बिश्केकच्या कपाटात होता. माझ्या भारतीय पासपोर्टावरचा उझबेक ई-व्हिसा तपासला जात होता तोवर सासूबाई चौकी ओलांडून गेल्या होत्या, आणि मी बाहेर पडले तेव्हा दोघी बहिणी रस्त्याकडेच्या बाकावर बसून रोटी खात होत्या.